छाट

कुकरचं झाकण अजून पत्र्यात रुतलंय.
काढू नका, पुरावा आहे, म्हणाले वकील.
त्याच्याचखाली बसून नरसूबाई म्याकल विड्या वळते.
डाव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत आता,
म्हणून हजाराच्या जागी सहाशे.

आयोगात कंपनीचा माणूस पुण्याहून आला.
म्हणाला, रिंग आमची नव्हतीच, बाजारातली होती.
पावती अशोक चौकातल्या दुकानाची, शाई उडालेली.
म्हणाला, पुस्तिकेत पान नऊवर स्पष्ट लिहिलंय.
नरसूबाई घरात तेलुगू बोलते, बाहेर मराठी,
वाचत कशातच नाही.

मी टंकलेखक. मी फक्त टाइप करतो:
अर्जदार हिस काही सांगावयाचे आहे काय?

ती म्हणाली,
साहेब, माझी विडी जरा सैल निघाली
की चेकर मूठभर छाट काढतो,
पान माझ्या पदरचं, मजुरी बुडाली.
गिऱ्हाइकानं ती कशी ओढली,
कुठल्या काडीनं पेटवली,
असं मी एकदाही विचारलं नाही.

हे असंबद्ध आहे, वगळा,
कंपनीचा वकील उठून म्हणाला.
साहेब चष्मा पुसत राहिले.
माझी बोटं कळांवर थांबलेली,
दहाच्या दहा.