लाइनवर माणूस आहे

दांडिया बाजारात रात्री दीडला वीज गेली
आणि बाबा उठले.
निवृत्तीला नऊ वर्षं झाली, तरी आधी पाय उठतात,
मग माणूस.
आईने पक्कड तांदळाच्या डब्यात दडवली आहे.
हे बाबांना ठाऊक आहे.
त्यांना ठाऊक आहे, हे आईला.

मी प्रयोगशाळेतून नुकती आलेली,
बोटांना हातमोज्यांची पावडर.
दिवसभराचं सांगायला दुसरं कोणी जागं नव्हतं.

पेशीत एक वायरमन असतो, बाबा.
डीएनएचा धागा तुटला की सर्वांआधी पोचतो,
तुटल्या टोकाला चिकटतो
आणि स्वतःच्याच अंगावर साखळी विणू लागतो,
कडीला कडी, कडीला कडी.
"ती कशाला?"
पाटी म्हणून. लाइनवर माणूस आहे, बाकीचे या.
"आणि हा?"
साखळीवर ऋण भार, धाग्यावरही ऋण.
साखळी वाढली की दोघं एकमेकांना ढकलतात.
हा सुटतो. सांधणारे वेगळेच.

"म्हणजे कंप्लेंट लिहून साहेब पळाला."

पळाला नाही. प्रत्येक कडी
घरच्याच डब्यातल्या पिठाची.
विणतच राहिला तर डबा रिकामा,
पेशी उपाशी मरते, हातात विणकाम घेऊन.
म्हणून मागून दुसरं एक एन्झाइम येतं,
साखळ्या कुरतडतं,
त्याला पुन्हा कोरा करून ठेवतं.
आज फिल्मवर दिसलं: पाचव्या मिनिटाला
कंदिलाच्या काचेवरच्या काजळीसारखा वर चढलेला डाग,
तिसाव्याला पुसलेला.
किरीटभाई म्हणाले, ब्लॉट बिघडला.
मी म्हटलं, हीच तर बातमी आहे.

बाबा गप्प.
विश्वामित्री शहरात शिरली त्या साली
चार दिवस खांबांवर होते.
घरी आले तेव्हा बोटांत चमचा ठरेना.
आई भरवत होती, आणि रागावत होती,
आणि भरवत होती.

गॅलरीतून पाहिलं, समोरच्या खांबावर
कोणी पोरगा चढलेला, टॉर्च दातांत.
बाबा कठड्यावरून ओणवे झाले:
"पहेलां न्यूट्रल जो, दीकरा! न्यूट्रल!"
टॉर्च हलला. हो म्हणाला असावा.

ते कठडा धरून तिथेच उभे राहिले.
मी कान देऊन होते.
डब्याचं झाकण काही वाजलं नाही.