साडेसहा हजार केल्विन

"टाकी किती खोल?" मुकादमांनी विचारलं.
माशांबद्दल अक्षर नाही.
कोपरखैरण्यातलं त्यांचं बोळकांडीएवढं दुकान,
एकेक पट्टी पेटवून धरली माझ्या तळहातावर:
ही निळसर, हात जणू बुडालेल्याचा.
ही गुलाबी, लग्नाच्या हॉलमधली.
ही पांढरी, भर बाराची.

"हीच न्या. लाइट माशांसाठी नसते हो, पानांसाठी.
आणि आठ तासांवर मिनिट नको,
नाहीतर शेवाळ पाळाल."

अठ्ठावीसशे. घासाघीस करून सव्वीसशे पन्नास.

आमच्या खोलीत ऊन येत नाही,
समोरच्या सोसायटीची पाठ येते, पाइपांसकट.
महाप्याची रात्रपाळी उरकून
मी पडदे ओढतो, झोपतो,
बारा वाजतात कधी, ठाऊक नाही.
टायमर लावला तीन ते अकरा.
नऊला मी निघतो.
पुढचे दोन तास टाकीतली दुपार
एकटीच चालू असते.

तिसऱ्या आठवड्यात रोटालाचा शेंडा तांबूस दिसला,
सुपारी खाल्लेल्या ओठाएवढाच.
डबा खांद्याला, बस चुकायची वेळ,
तरी पट्टीखाली हात धरला पुन्हा.

रेषा दिसल्या सगळ्या.
काचेवर शेवाळ नाही अजून.