घट

पोतं उघडलं की थंडी येईल असं वाटतं. येत नाही.
येतो वास, ओल्या पाटीचा, देवदाराच्या सालीचा.
चिठ्ठीवर गावाचं नाव,
त्यापुढे कुणीतरी पेन्सिलने: होतं.

मे महिना, नागपूर. कूलरचा वाळा वाळून कडक.
भट्टीत एकशे पाच अंशांवर रात्रभर ठेवते मी डोंगर.
सकाळी तो हलका झालेला असतो
आपल्या पाण्याइतका.

चाळण्या एकावर एक. वर मोठ्या भोकांची,
खाली मलमलीसारखी.
दहा मिनिटं यंत्र हलतं, दहा मिनिटं कुणी बोलत नाही.
मग थर उलगडायचे: खडा, रेव, वाळू,
तळाच्या ताटलीत पीठ.
आई सुपात तांदूळ घेऊन बसायची, खडे वेचून फेकायची.
मला खड्यांचाच पगार मिळतो.

गोटे मात्र हाताने मोजायचे.
दगडाला तीन मापं: लांब, मधलं, आखूड.
नोंदवायचं मधलं, कोणत्या भोकातून जाणार
ते तेच ठरवतं,
मडावी सर पहिल्या दिवशी म्हणाले.
तिघी बहिणींत मी मधली.
सांगितलं नाही त्यांना.

नाला एकच, वर्षं सहा.
भूकंपानंतरच्या पहिल्या पोत्यात लोंढ्याचं नुसतं पीठ होतं,
बोटांच्या रेषांत भरून राहणारं.
मग दर साली जाडं, अजून जाडं.
बारीक ते आधी निघून जातं.
यंदा टोकदार गोटे, एकमेकांना अडवून बसलेले.
सरांनी आलेखावर बोट ठेवलं,
"डोंगर निवतोय."
निवणं आमच्याकडे दुधाचं असतं, किंवा तापाचं.

अजनीकडून मालगाडी गेली की वजनकाटा थरथरतो.
थांबते. शून्य येऊ देते.
घातले होते पाचशे ग्रॅम.
सगळ्या चाळण्यांची बेरीज चारशे अठ्ठ्याण्णव.
वहीत त्याला रकाना आहे, घट.
दोनपर्यंत चालते.

कुठे जातात हे दोन?
पंख्याच्या पात्यावर असतील,
छायाच्या डब्यातल्या झुणक्यात, माझ्या ओढणीत, खोकल्यात.
घरी तोंडावर पाणी मारते
तेव्हा न्हाणीत एक करडी रेघ उतरते,
गटाराला लागते, मग नागनदी, कन्हान, वैनगंगा...
तिकडचं गाव असं
थोडं थोडं माझ्या घरावरून जातं.

उद्या सातवं पोतं.
टेबल पुसायचं राहिलंय.