साडेचार मागे

ऑफिसात तीन घड्याळं आहेत माझ्या.
इंदूरचं दोन मिनिटं पुढे.
मालकांचं म्हणणं, त्यानं गिऱ्हाईक लवकर सही करतं.
उरलेल्या दोघांचे काटे
मी येईल त्या माणसागणिक फिरवतो.

कुमुदिनी पळशीकर आल्या ऑक्टोबरात,
वीज मंडळातून, मीटर तपासत तपासत रिटायर झालेल्या.
पिशवीत दोन माहितीपत्रकं,
दोन्हींवर एकाच पेनाच्या रेघा.
"डिसेंबरात. एकटी. यातलं एक."

एक ट्रॉम्सो, नॉर्वेचं पार वरचं टोक.
तिथे तेव्हा सूर्य उगवायलाच येत नाही,
भर बाराला आभाळ
निळीच्या बादलीत बुडवून काढल्यासारखं.
आपल्याहून साडेचार तास मागे.
दुसरं वालपरायसो, चिलीतलं.
टेकड्यांवर रंगवलेल्या पत्र्यांची घरं,
चढायला दोरानं ओढलेले लाकडी डबे,
रात्रीचे नऊ वाजायला आले तरी ऊन ओट्यावर बसलेलं.
साडेआठ तास मागे.

मी भाडं सांगितलं, व्हिसा, विमा.
त्यांनी रीडिंग घ्यावं तसं सगळं उतरवून घेतलं
आणि विचारलं,
"एकटी बाई जेवायला बसली
तर तिथे लोक बघतात का?"

हा रकाना माझ्या फॉर्मात नव्हता.

दोन्हीकडे विचारलं.
ट्रॉम्सोच्या ओलेचं उत्तर अकरा मिनिटांत:
"नाही."
पुढे पूर्णविराम, तोही दिलेला.
वालपरायसोची मारिसोल दुसऱ्या दिवशी उगवली,
चार मिनिटांचा आवाज पाठवून.
त्यात कुत्रं, कढई, कुणाचं तरी खोकत हसणं.
भाषांतर करवून हाती लागलं ते इतकंच:
बघतील की!
मग खुर्ची ओढत येतील तुमच्या टेबलाशी,
नवरा कुठाय विचारतील,
आपल्या ताटातला मासा तुमच्या ताटात घालतील.

बाई हसल्या.
"म्हणजे इंदूरच झालं ते.
त्याला एवढे पैसे कशाला?"
आणि ट्रॉम्सोच्या कागदावर सही केली,
माझ्या घड्याळाची वाट न बघता.

नोव्हेंबरात दिसल्या, छप्पन दुकानवर.
दुपारचे साडेबारा.
"आंटी, पोहे तो निपट गए,"
पोरगा कढई खरवडत होता.
"जेवढे असतील तेवढे दे. माझी सकाळ आहे."
मनगटावर आठ वाजलेले.
कधीपासून तालीम चालू होती कोण जाणे.
"आणि जीरावन जास्त टाक,
तिथे मिळायचं नाही."
पोऱ्यानं घड्याळाकडे बोट केलं, आंटी, बंद पडलंय.
"तुझंही खोटंच आहे," त्या म्हणाल्या,
"इंदूरला सूर्य सव्वीस मिनिटं उशिरा येतो.
मी चौतीस वर्षं
दुसऱ्याच कुठल्या तरी गावाच्या वेळेवर हजेरी लावली."

समोरची खुर्ची रिकामी होती.
मी काउंटरपाशी, हातात जिलबीचा कागद.
बघितलं,
मग ओलेसारखी मान वळवली,
पाक बोटांवरून मनगटाकडे चाललेला.

"ओ ट्रॅव्हल्सवाले!"
मागून हाक आली.
"किती वाजले तुमच्यात?"

"आठ वाजून दोन मिनिटं,"
मी म्हणालो,
उभ्या उभ्याच.