कसर

पान एकशे बारा.
गव्हाची खळ, जपानी कागद, चिमटा.
फोर्टातल्या या खोलीतला एसी कागदांसाठी आहे,
मी स्वेटर घालून बसते.

वही दफनांची आहे.
अक्षर रेव्हरंड अँब्रोज थर्कल यांचं,
बारीक, उजवीकडे कललेलं,
जणू प्रत्येक ओळ दाराशी उभी राहून कान देतेय.

कंपनीचा पाद्री होण्याआधी
हा माणूस एकोणीस वर्षं एका कॉलेजात राहिला.
हिब्रूतल्या एका क्रियापदावर तीनशे पानं लिहिली,
ती कोणी छापली नाहीत.
लग्न केलं तर फेलोशिप जायची, म्हणून केलं नाही.
कॉलेजच्या हातात एक खेडं होतं,
चर्च, बाग, मधमाश्यांच्या सहा टोपल्या;
तिथला म्हातारा पाद्री गेला की ते यांना मिळणार.
म्हातारा जाईना.
दर नाताळला यांनी त्याच्या तब्येतीची चौकशी केली;
त्या पत्रांच्या नकला मला मागच्या पुठ्ठ्यात सापडल्या,
अतिशय नम्र.
त्र्याऐंशीव्या वर्षी म्हाताऱ्यानं नवा घोडा घेतला.
त्याच वसंतात थर्कल जहाजावर चढले.

मुंबईत मरणाची वाट बघावी लागत नव्हती.
तोफखान्याचा शिपाई, वय वीस.
वखारीतला रायटर, वय सतरा, आल्यापासून पाच आठवडे.
कॅप्टनची बायको,
आणि खाली, त्याच तारखेला,
नाव न ठेवलेलं मूल.
एका आठवड्यात अकरा नोंदी आहेत
आणि एकाही नोंदीत अक्षर हललेलं नाही.

समासात मात्र एकदा लिहिलंय : सोनापूर.
अर्थ कुणीतरी सांगितला असणार,
कारण शेजारी ग्रीकमध्ये ‘सोन्याचं नगर’,
आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह.

सांगणारा कान्होबा सुंदरजी,
प्रभू कारकून, पगार सहा रुपये.
संध्याकाळी मेणबत्तीशी बसून पाद्र्याला मोडी शिकवायचा.
थर्कलना पाच मेलेल्या भाषा येत होत्या.
ळ येत नव्हता.
नारळाचं नारल, डोळ्याचं डोला,
वेळेची वेल होऊन पानभर पसरलेली,
काळाचं काल
(ही चूक मी चूक धरत नाही).
जसं ऐकू यायचं, जसं बोलायचे, तसंच लिहायचे,
आणि कान्होबा प्रत्येक ल-वर
इवलीशी फुली मारायचा.
मरणाच्या नोंदींच्या कडेनं
शाळकरी फुल्या. दोन वर्षं.

एकशे बारावर थर्कलचं अक्षर पहिल्यांदा हललं आहे.
गलबतावरचा एक सुतार, वय राहिलेलं.
खाली मोडीत, कान्होबाच्या हातचं :
‘पाद्रीबावा दिवेलागणीस बोलले—’
पुढे ज. पुढे व.
पुढे कसरीनं पाडलेलं भोक,
तांदळाच्या कणीएवढं.

मोडीत जोडाक्षर सुटं लिहायची रीत होती,
तेव्हा ज्वर असू शकतो.
अंगात ताप होता, सांगितला असेल.
किंवा जवळ.
शेवटी स्वच्छ, जीभ वळलेला ळ,
ज्यावर फुली मारावी लागली नाही
म्हणून तर कान्होबानं लिहून ठेवलं.

एकशे तेराची पहिली नोंद परक्या हातची आहे.
आडनावाचं स्पेलिंग चुकलंय,
वय ‘सुमारे पन्नास’.

पेरीनबाईंनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला होता :
भोक बुजवायचं, अक्षर भरायचं नाही.
आपण कागद दुरुस्त करतो, डिकरी,
माणसं नाही.

मी कोरा कागद कातरला,
कडा बोटानं पिंजून खळीत बसवला.
खळ वाळेपर्यंत करण्यासारखं काही नसतं.
खोलीत कुणी नव्हतं, तेव्हा
दोन्ही शब्द मोठ्यानं म्हणून पाहिले.
एकात जीभ थरथरते,
एकात मागे वळून टाळूला टेकते.

मग पान वजनाखाली सरकवलं
आणि एकशे तेरा घेतलं.