नडी

माग विकला त्या रात्री झोप आली नाही.
पस्तीस वर्षं खटक-खट्ट, खटक-खट्ट.
त्या आवाजात मुलगी जन्मली, आई गेली,
कलाव्वाचं बोलणं मी ओठांवरून वाचलं.
आता वडगावातलं हे घर इतकं गप्प
की भिंतीवरचं घड्याळ डोक्यात खिळे मारतं.

भंगारवाल्यानं लोखंड किलोवर नेलं.
धोटा तेवढा मागं ठेवला, उशीखाली.
कलाव्वा म्हणाली, भुताला भिऊन लोक चाकू ठेवतात,
तुमचं हे काय नवीन?

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण धारवाडकडची, पोरसवदा.
कागद बघून म्हणाली, साखर दोनशे ऐंशी.
मग मराठी शब्द शोधला, तो सापडेना,
तेव्हा म्हणाली, "अज्जा, दिना नडीरी."
मला ऐकू आलं नाडी.
मी मनगट पुढं केलं.
ती हसली आणि टेबलावर
दोन बोटं चालवून दाखवली.

नडी म्हणजे चाल.
एक काना दिला की नाडी.
वेलांटी काढली की नुसती नड,
आणि नड तर घरात होतीच,
ती कागदावर लिहून द्यायची गरज नव्हती.

पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत.
चप्पल चावली.
कट्ट्यावरून हाक, "कुठं जाऊलास रे?"
कुठंच नाही, हे उत्तर माणसाला देता येत नाही.
"दळणाला," म्हणालो. हात रिकामे होते.
दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघालो. रिकामीच.

येळ्ळूरच्या रस्त्याला चनबसाप्पा भेटला,
बसचा कंडक्टर, मागल्या वर्षी घरी बसलेला.
त्याच्याही हातात रिकामी पिशवी.
दोघांनी बघितलं. कुणी काही विचारलं नाही.

त्याचं मराठी बसपुरतं : पुढं सरका, सुट्टे द्या.
माझं कानडी सुताच्या भावापुरतं.
ज्या साली पाट्यांवरून दगड उडाले
त्या साली तो बसमध्ये होता, मी रस्त्यावर.
दोघांनाही ठाऊक आहे.
त्या वळणावर आम्ही जरा भरभर चालतो.

पुढं भाताची शेतं, कापणी झालेली,
बासमतीचा वास अजून पेंढ्यात मुरलेला.
दम लागला की तो हात आडवा धरतो.
श्वास घेताना मी मोजायचं, एक दोन तीन चार.
सोडताना तो मोजतो,
ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु.
सोडायला दोन जास्तच लागतात, म्हणतो,
बसमध्येही तसंच, चढायला घाई, उतरायला वेळ.

जानेवारीत चार दिवस गेलोच नाही.
इचलकरंजीहून मुलीचा फोन आला होता,
जावयाचेही माग बंद.
पडून राहिलो भिंतीकडं तोंड करून,
चहात तीन चमचे साखर मागून घेतली,
कलाव्वानं घातली, पण कप आपटून ठेवला.
पाचव्या दिवशी, उजाडायच्या आधी,
दारात शिट्टी वाजली.
एक शिट्टी म्हणजे थांब. दोन म्हणजे चल.
त्यानं दोन वाजवल्या,
शेजारची कुत्री उठली, दोन घरं उठली,
शेवटी मीही.
त्या दिवशी मी फोनची गोष्ट त्याला सांगितली,
मराठीतून, सगळी.
त्याला किती कळली कोण जाणे.
बांधावर बसून ऐकत होता, मध्येच "हौदु" म्हणत होता.

झोप अजून पुरती नाही. तीनला जाग येतेच.
तेव्हा पडल्यापडल्या येळ्ळूरचा रस्ता चालतो,
डावा, उजवा, खटक, खट्ट.
कधी ओढ्याच्या पुलापर्यंत पोचतो,
कधी त्याआधीच डोळा लागतो.

पिशवीत आता मेथी येते बांधावरची,
एकदा मुळे आले, कलाव्वाला आवडत नाहीत.
धोटा दाराच्या खुंटीला लावलाय, पिशवीसाठी.

काल तपासणी होती. साखर एकशे नव्वद.
जास्तच आहे, डॉक्टरीण म्हणाली,
आता मराठीतून,
आणि नाडी बघायला हात पुढं केला.
मी टेबलावर दोन बोटं चालवून दाखवली.