धाप

ओसाकाहून रोज सकाळी साडेसहाला यादी येते.
त्यांचे दहा वाजलेले असतात, माझा चहा व्हायचा असतो.
मरोळला तिसऱ्या मजल्यावर आम्ही सहाजण
नव्या मशीनवर चढवलेले जुने गेम तपासतो.
म्हणजे दिवसभर मरतो,
आणि कुठे, कसे मेलो ते लिहून पाठवतो.

या वेळचा गेम उघडला आणि हात थांबला.
हा तर विमानवाला!
काळाचौकीला, पिठाच्या गिरणीला लागून,
अण्णांच्या गाळ्यात डावीकडून दुसरा.
रुपयाला तीन विमानं,
स्टिकच्या खाचेत ज्वारीचं पीठ,
आणि मागे फळीवर गृहपाठ करत बसलेली मी,
जिला नुसत्या आवाजावरून कळायचं
आता कोण मरणार.

चौथ्या लेव्हलला पुलापाशी
शत्रूची इतकी विमानं यायची की मशीनला झेपायचं नाही.
सगळं मंद व्हायचं. गोळ्या तरंगत राहायच्या.
"लागली धाप," अण्णा म्हणायचे,
आणि पोरं तेवढ्यात फटीतून निसटायची.

नव्या मशीनला धाप लागत नाही.
पुलापाशी सगळे पटापट मरतात.
मी नोंद केली: इथे गेम धापा टाकत नाही.
हिराबायाशींचं उत्तर आलं, नेहमीसारखं नम्र:
धाप म्हणजे नेमक्या किती फ्रेम?

रविवारी अभ्युदयनगरला गेले.
अण्णांनी डोळे मिटले, बोटानं टेबलावर ठोके दिले.
ठकठकठक, ठकठकठक,
मग ठक.
ठक.
ठक.
"इथे सावलाशेठ गिरणी चालू करायचा,
त्यानंच वीज ओढली जायची."
मी सगळं मोबाइलवर टेप केलं.
तीनदा ठोकायला लावलं, तिन्ही वेळा तेवढंच.
घरी येऊन मोजलं. एकशे चार फ्रेम.

चार दिवसांनी उत्तर.
त्यांनी कपाटातला मूळ बोर्ड काढून चालवून पाहिला होता.
तो पुलापाशी मंद होत नाही.
पुढे, बोगद्यात होतो, तेही थोडाच वेळ.
आपल्या वडिलांकडचा बोर्ड बहुधा नकली असावा.

बहुधा!
लॅमिंग्टन रोडवरून पेपरात गुंडाळून आणलेला,
कंपनीच्या नावाच्या जागी काळी पट्टी.
नकलीच होता.
पोरं मात्र त्याच्यावर खरीखुरी मरायची.
हे मी लिहिलं नाही.
लिहिलं: ठीक, नोंद बंद करते.

बोगद्यातली धाप त्यांनी बसवली. दोन आठवडे गेले.
पळणाऱ्या मशीनला दमायला शिकवायचं,
आणि तेही मोजून, मूळचं जेवढं होतं तेवढंच.
गल्लोगल्लीच्या नकलांचं दमणं
कोण कशाला जमवत बसेल?

शेवटच्या व्हर्जनमध्ये, सेटिंगच्या अगदी तळाला,
एक नवी ओळ दिसली. वेग: ए, बी.
यादीत तिचा उल्लेख नव्हता.
बी लावून पुलापर्यंत गेले.
एकशे चार.
रकान्यात टिक केली. शेरा कोरा ठेवला.

अण्णांना बी लावूनच दिला.
पुलापाशी धाप लागली तशी त्यांनी जीभ दातात धरली,
विमान डावीकडून काढलं,
आणि बोगद्याच्या तोंडाशी आपटवलं.
"संपलं?"
"नाही, बटण दाबा. हवं तितक्यांदा होतं."
"फुकट?"
"फुकट."

ते बटणाकडे बघत राहिले.
मग सदऱ्याच्या खिशातून एक रुपया काढून
लॅपटॉपच्या कडेला ठेवला,
"त्या ओसाकावाल्याचाही गल्ला असेल ना," म्हणाले,
आणि मग दाबलं.